जॅक काढला, आता फोन चार्ज करू की गाणं शिकवू?

खर्जातला
संध्याकाळी मी ऑनलाइन गाण्याचे क्लास घेतो. विद्यार्थी दुबई, न्यू जर्सी आणि एक बदलापूर. फोन स्टँडवर, कानात वायरचे इअरफोन. स्पीकरवर घेतलं की माझाच आवाज फिरून माइकमध्ये येतो, आणि तो कापायच्या नादात अॅप तानपुराही कापून टाकतं. एकामागून एक क्लास असल्यावर व्हिडिओ कॉल बॅटरीचा फडशा पाडतो. जुन्या फोनला वर इअरफोन खोचायचा जॅक, खाली चार्जर, विषय संपला. नव्याला भोक एकच.

माझं स्पष्ट मत: जॅक गेला तो आपल्या सोयीसाठी नव्हे, इअरबड खपवण्यासाठी. २०१६च्या सप्टेंबरात अॅपलने आयफोन ७ मधून जॅक काढला, त्याला 'धाडस' म्हटलं आणि त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स हे आपले बिनवायरचे इअरबड दाखवले. सॅमसंगने जाहिरातींतून खिल्ली उडवली आणि २०१९ला नोट १० मधून स्वतःही जॅक काढला. ज्याला ऐकता ऐकता चार्ज करायचंय त्याचा विचार कुणी केलाय का?

गावठी_आयफोन
सर, वैताग समजतो, पण ब्लूटूथ घ्या की. बड्स डबीत थोडा वेळ ठेवले की परत तासभर चालतात. फोन भिंतीपाशी चार्जिंगला, मी गच्चीवर. वायर हवी असणारे आता मोजकेच उरलेत, त्यांच्यासाठी सगळ्यांच्या फोनमध्ये भोक का ठेवायचं? शिवाय जॅक काढल्याने फोन बारीक होतो, पाणी शिरत नाही.

तारेवरची_कसरत
बारीक? २०१४ला ओप्पोचा आर५ आला, ४.८५ मिमी, जॅक नाही. त्याच वर्षी विवोचा एक्स५ मॅक्स त्याहून बारीक, आणि जॅकसकट. पाण्याचं म्हणाल तर गॅलेक्सी एस७ला आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचं मानांकन होतं आणि जॅकही होता. ही कारणं नंतर चिकटवलेली आहेत.

खर्जातला
@गावठी_आयफोन, ब्लूटूथ वापरून झालं. त्याचा माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाजही फोन-कॉलच्या दर्जावर घसरतो. गप्पांना पुरतो. मला मात्र मुलीचा 'आ'कार कुठे फाटतोय, ती श्वास कुठे चोरतेय, हे ऐकायचं असतं. आणि इंटरनेटच्या उशिरात ब्लूटूथचा उशीर मिळवला की 'थांब' म्हणेपर्यंत ती पुढच्या आवर्तनात गेलेली असते.

लग्गी_लडी
सहमत. लेहऱ्यावर, म्हणजे ताल धरून फिरत राहणाऱ्या धुनेवर, तबल्याचा रियाजही ब्लूटूथवर होत नाही, लॅग येतो.

सोल्डरवाला
होतो हो. लेहरा उशिरा आला तरी तुम्ही कानात आलेल्या समेवरच येणार ना? उशीर कायम सारखाच असल्याने वाजवताना कळतही नाही. घोळ होतो तो लेहरा ऐकत त्याच फोनवर रेकॉर्ड करताना. तिथे तबला मागे पडलेला दिसतो.

आता मूळ मुद्दा. 'एक भोक म्हणजे एकच काम' हे खरं नाही. टाइप-सी, म्हणजे आताच्या फोनच्या त्या एकुलत्या भोकातून आवाज दोन तऱ्हांनी निघतो. पहिल्यात फोन स्वतःच अॅनालॉग, म्हणजे इअरफोनला थेट चालणारा, आवाज तयार करून डेटाच्या तारांवर सोडतो, डोंगल (इअरफोन जोडायचा तुकडा) म्हणजे नुसती वायर. या पद्धतीत सोबत चार्जिंगची मुभा आहे, पण ५०० मिलिअँपिअरपर्यंतच. म्हणजे अडीच वॅट. ५००० एमएएचची बॅटरी भरायला आठ तास सहज जातील, तेही फोन नुसता पडून असेल तर. व्हिडिओ कॉलमध्ये उतार जरा हळू होईल, एवढंच.

दुसऱ्या तऱ्हेत डोंगलमध्ये डिजिटल आवाज अॅनालॉग करणारी डीएसी नावाची चिप असते आणि ती फोनकडूनच वीज घेते. गूगलचे पिक्सेल आणि अलीकडचे सॅमसंग फोन असलंच डोंगल मागतात. आता बघा: फोन डोंगलला वीज देतोय, आणि त्याच भोकातून चार्जर फोनला वीज देऊ पाहतोय. कोण देणार, कोण घेणार, हे ठरवायला डोंगलमध्ये पीडीची (पॉवर डिलिव्हरीची) चिप लागते. स्टेशनबाहेर मिळणाऱ्या वाय आकाराच्या स्वस्त जोडणीत ती नसते, म्हणून चार्जर खोचला की गाणं बंद. लोक म्हणतात फोन खराब. फोन ठणठणीत असतो.

तारेवरची_कसरत
म्हणजे आधी फुकट होतं त्यासाठी आता दोन चिपांचे पैसे मोजायचे. शिवाय जॅकमधली पिन गोल फिरायची. सी पोर्टला लोंबणारं डोंगल आणि त्यातून दोन वायरी म्हणजे आडवा ताण. पोर्ट गेलं की चार्जिंगही गेलं.

मीनल_नाशिक
या सगळ्यात मूळ गोष्टच राहिली. चार्जिंगला लावलेल्या फोनचे इअरफोन कानात घालूच नयेत! शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. दादा, क्लास महत्त्वाचा की जीव?

सोल्डरवाला
ताई, काळजी रास्त आहे, पण दोष चार्जरचा असतो. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनकडची बाजू पूर्ण वेगळी असते. धातूच्या फोनला हात लावल्यावर कधी कधी मुंग्या येतात तो किरकोळ गळका प्रवाह, फोनला जॅक असो वा नसो. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसलेला चार्जर घरात ठेवू नका. ओल्या हाताने किंवा झोपताना कानात वायर आणि फोन चार्जिंगला, हे मात्र करू नयेच. भीती वाटत असेल तर पॉवर बँक लावा, भिंतीशी संबंधच नाही.

गावठी_आयफोन
वायरलेस चार्जिंगचं कुणी बोललंच नाही. भोकात इअरफोन, पाठीला चार्जर.

खर्जातला
स्टँडवर उभ्या फोनच्या पाठीला चकती टिकत नाही. चुंबकवाली टिकते, पण ती सोय महागड्या फोनांत. आणि व्हिडिओ कॉल चालू असताना वायरलेस चार्जिंग लावलं की फोन इतका तापतो की चार्जिंग आपोआप मंदावतं.

गावठी_आयफोन
मग क्लासपुरता एक स्वस्त फोन घ्या ना. त्या किमतीत अजून जॅकवाले भरपूर मिळतात.

खर्जातला
स्वस्तात जॅक मावतो आणि महागात मावत नाही. मी सुरुवातीपासून दुसरं काय म्हणतोय?

लग्गी_लडी
😂

गावठी_आयफोन
स्वस्त फोनच्या गिऱ्हाइकाला बड्स परवडत नाहीत, म्हणून त्याला जॅक. महाग घेणाऱ्याला परवडतात. याला कट नाही, धंदा म्हणतात.

तारेवरची_कसरत
धंदा आहे हे मान्य केलंत, आभारी आहे.

सोल्डरवाला
@खर्जातला, भांडण चालू द्या, तोवर एक करा. लॅपटॉपसाठी मिळणारा टाइप-सी हब, म्हणजे एका भोकाची अनेक भोकं करणारी डबी बघा, ज्यात पीडी इनपुट आणि ३.५ मिमीचा जॅक दोन्ही आहेत. बरेच फोन तो घेतात, आणि हब टेबलावर राहिल्याने पोर्टला ओढही बसत नाही. घेताना फोन, चार्जर आणि इअरफोन दुकानात घेऊन जा. आधी इअरफोन लावा, घरी कुणाला तरी व्हिडिओ कॉल करा आणि कॉल चालू असतानाच चार्जर खोचा. आवाज टिकतो का, चार्जिंगची खूण येते का, समोरच्याला घरघर ऐकू जाते का, तिन्ही बघा. घरघर असेल तर आधी चार्जर बदलून बघा. दुकानदार 'सगळ्या फोनला चालतो साहेब' म्हणाला आणि लावून दाखवेना, तर पुढचं दुकान.