विषय: इथला लिव्हिंग ट्रस्ट आणि तिकडचा फ्लॅट: एक मृत्युपत्र पुरतं का?

नमस्कार मंडळी,

गेल्या कार्यक्रमात बऱ्याच जणांकडून हाच प्रश्न आला, म्हणून लिस्टवर टाकतो. अमेरिकेत वकिलाकडून लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच आपली मालमत्ता ज्याच्या नावे करतात तो ट्रस्ट) आणि त्यासोबतचं मृत्युपत्र करून घेतलं, की महाराष्ट्रातला फ्लॅट, बँक ठेवी आणि शेतीतला हिस्सा त्यातच येतो का? की तिकडचं वेगळं करावं लागतं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

कार्यकारिणीच्या वतीने

---

नमस्कार,

वेगळं करावं, आणि करताना एका वाक्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं.

इथल्या जवळजवळ प्रत्येक छापील नमुन्यात पहिल्याच परिच्छेदात "याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे" असं असतं. वाचणाऱ्याला ते नुसतं वकिली पाल्हाळ वाटतं. पण २०१९ मध्ये पुण्यात नीट नोंदवलेलं मृत्युपत्र असेल आणि २०२४ मध्ये इथे या वाक्याखाली सही झाली, तर पुण्याचं रद्द झालं असा दावा करायला कोणाही नाराज वारसाला जागा मिळते. उलटंही होतं: सुट्टीत तिकडे घाईने नवं केलं आणि त्यात तेच वाक्य राहिलं, की इथलं अडचणीत. म्हणून दोन्ही कागदांत हद्द स्पष्ट लिहावी. तिकडच्यात साधारण असं: "हे मृत्युपत्र फक्त माझ्या भारतातील मालमत्तेपुरते आहे. भारताबाहेरील मालमत्तेसाठी मी केलेले कोणतेही मृत्युपत्र किंवा ट्रस्ट यामुळे रद्द होत नाही." इथल्या वकिलाला याचंच उलट वाक्य घालायला सांगावं. तो आपणहून विचारेल याची खात्री नाही.

दुसरी मेख इथल्या ट्रस्टसोबतच्या मृत्युपत्रात असते. "जगात कुठेही असलेलं माझं उरलेलं सगळं ट्रस्टला" असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे कोथरूडचा फ्लॅट कागदोपत्री अमेरिकन ट्रस्टकडे निघाला. फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत घर घेण्याची मुभा एनआरआय आणि ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या) व्यक्तींना आहे, परदेशी ट्रस्टला ती सरसकट नाही. सोसायटी आणि दुय्यम निबंधक दोघंही तिथे अडतात. हयातीतच फ्लॅट ट्रस्टच्या नावे करू म्हटलं, तर नोंदणीकृत दस्त आणि मुद्रांक शुल्क आलंच. माझं स्पष्ट मत: भारतातलं घर इथल्या ट्रस्टमध्ये घालू नये.

तिकडचं मृत्युपत्र करणं तसं सोपं आहे. भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. सही होताना साक्षीदारांनी पाहिलेली हवी, किंवा करणाऱ्याने "ही माझीच सही" असं त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्यांनीही त्याच्यासमोर सह्या कराव्यात. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करायलाच सांगते, कारण मूळ प्रत हरवली तरी नोंदलेली प्रत निबंधकांकडे राहते. फक्त इथल्या नोटरीचा शिक्का मारून आणला तर तो दोन साक्षीदारांची जागा घेत नाही.

साक्षीदार नात्यातले किंवा लाभार्थी नसावेत, वयाने आपल्याहून लहान आणि शक्यतो भारतात राहणारे असावेत. मृत्युपत्राला आव्हान दिलं गेलं तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात उभं करावं लागतं. सत्तरीतल्या गृहस्थाच्या मृत्युपत्रावर त्याच्याच वयाच्या दोन मित्रांच्या सह्या असल्या, तर पंधरा वर्षांनी कोणाला बोलावणार?

व्यवस्थापकही, म्हणजे एक्झिक्युटर, तिकडचाच नेमावा आणि त्याच्यामागे पर्यायी नाव द्यावं.

---

ताई, उत्तम माहिती. एक शंका. फ्लॅटला, एफडीला, शेअर्सना, सगळ्याला नॉमिनी लावलेला आहे. मग मृत्युपत्राची गरज काय?

---

काका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने किंवा बँकेने कोणाच्या हाती द्यायचं, एवढंच नॉमिनेशनने ठरतं. पुढे ते मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर कायद्याप्रमाणे वारसांना द्यावं लागतं. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सहकार कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सोसायटीही नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घेते, कायमची मालकी देत नाही. आयुर्विम्यात २०१५ पासून जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच, एवढा फरक लक्षात ठेवावा. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात नाव दुसरं, असं झालं की भांडणाला तयार निमित्त मिळतं. दोन्ही जुळवून घ्या.

आणि मृत्युपत्र नसेल तर काय होतं, तेही बघा. हिंदू पुरुषाचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि आई. वडील त्यात नाहीत. म्हणजे पत्नी, दोन मुलं आणि आई मागे असतील तर फ्लॅटचे चार सारखे भाग. पुढे आई गेल्यावर तिचा पाव हिस्सा तिच्या सगळ्या मुलांत वाटला जातो, आणि दीर-नणंदा त्याच फ्लॅटच्या मालक होतात. कोणाच्याही मनात खोट नसताना ही गुंतागुंत होते.

बायकांसाठी तर मृत्युपत्र अधिकच गरजेचं आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मूलबाळ नसलेल्या विधवा स्त्रीची स्वकष्टार्जित मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर लागतो. इथे नोकरी करून ठाण्यात स्वतःच्या पैशाने घर घेतलेल्या प्रत्येक मैत्रिणीला हे सांगा.

---

नमस्कार, कराच्या अंगाने थोडी भर घालतो.

भारतात वारसा कर नाही, १९८५ मध्येच तो गेला. पण तिकडून वारशाने एका वर्षात एकूण १ लाख डॉलरच्या वर आलं, तर इथे आयआरएसला, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याला, फॉर्म ३५२० द्यावा लागतो. कर शून्य, पण फॉर्म राहिला तर मिळालेल्या रकमेवर दंड महिन्याला ५ टक्के, कमाल २५ टक्के. "करच नाही तर कळवायचं कशाला" या समजुतीने हा फॉर्म राहून जातो.

त्याचबरोबर मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून करून ठेवा. अमेरिका फायदा मोजताना त्या दिवसाची बाजारभाव किंमत धरते. भारत मात्र आधीच्या मालकाने दिलेली किंमत धरतो, आणि खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव घेता येतो. म्हणजे एकाच विक्रीवर दोन देशांत दोन वेगळे आकडे. दहा वर्षांनी विकताना जुनं मूल्यांकन मागे जाऊन करणं फार जिकिरीचं होतं. विकताना खरेदीदार टीडीएस कापतो, म्हणून कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून आधीच घ्यावा. एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयातलं खातं) आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते.

इथल्या बाजूचं: ४०१के वर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यावर, मृत्युपत्र चालत नाही, त्या खात्यावर लिहिलेलं लाभार्थीचं नाव चालतं. घटस्फोट किंवा दुसरं लग्न झाल्यावर तो फॉर्म बदलायचा राहतो. शिवाय नवरा-बायकोत फेडरल इस्टेट टॅक्सची (मृताच्या मालमत्तेवरच्या कराची) अमर्याद सूट वाचलेला जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तरच मिळते. ग्रीन कार्डवाल्यांसाठी क्यूडॉट नावाचा वेगळा ट्रस्ट असतो. इस्टेट मोठी असेल तर वकिलाला त्याबद्दल जरूर विचारा.

---

सर्वांचे आभार. शेवटचे दोन प्रश्न: भावाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र मृत्यूनंतर चालतं का? आणि शेतीचं काय?

---

चालत नाही. देणारा गेला त्या क्षणी कुलमुखत्यारपत्र संपलं. त्यानंतर त्याच्या जोरावर बँकेतून काढलेले पैसे किंवा केलेला व्यवहार हेच पुढे खटल्याचं मूळ होतं, मग हेतू कितीही चांगला असो. हयातीत वापरायचं असेल तर इथे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालावं म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) करून पाठवावं, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा.

शेतजमीन एनआरआयला विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्यावा, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं जोडून. बहिणींची नावं गाळू नका. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून आहे, वडील २००५ च्या दुरुस्तीआधी वारले असले तरी, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नक्की केलं. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिने स्वखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं. व्हॉट्सअॅपवरच्या "मला काही नको"ला किंमत नाही. फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही नाही, ती महसुली नोंद आहे. आणि वडिलोपार्जितातला फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, अख्खी जमीन नाही.

एखाद्या मुलाला कमी द्यायचं असेल तर कारण दोन ओळींत मृत्युपत्रातच लिहा, दोषारोप न करता: "मोठ्याला घरासाठी पूर्वीच रक्कम दिलेली आहे" एवढं पुरतं. वय जास्त असेल तर सहीच्याच दिवशी डॉक्टरांचा, विचारशक्ती शाबूत असल्याचा दाखला घ्या. प्रत्येक पानावर सही हवी, खाडाखोड नको.

प्रोबेटबद्दल, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता घेण्याबद्दल, खासगीत विचारणा झाली, तेही इथेच सांगते. मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेट सक्तीचं करणारं भारतीय वारसा कायद्याचं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. तरी वारसांत वाद असेल, तर सोसायटी किंवा बँक कोर्टाचा आदेश मागू शकते. त्यासाठी मूळ मृत्युपत्र लागतं, म्हणून ते भारतातल्या व्यवस्थापकाला सापडेल अशा ठिकाणी ठेवा, फक्त आपल्याच नावावरच्या लॉकरमध्ये नको. सोबत एका पानावर खाते क्रमांक, फोलिओ, भाग प्रमाणपत्राचा क्रमांक आणि सातबाऱ्याचे गट क्रमांक लिहून ठेवा. पासवर्ड त्यावर लिहू नका.