मदत हवी आहे: गोल्फची किट गुलमर्गला विमानानं न्यायची की तिथंच भाड्यानं घ्यायची? लवकर सांगा

मानकापूरचा
मंडळी प्लीज लवकर सांगा, तिकीट आज रात्रीच काढायचं आहे, भाडं दर तासाला वाढून राहिलं. गुलमर्गला जायचं आहे, तिथं गोल्फ खेळायचं आहे, ट्रिपच त्याच्यासाठी आहे. प्रश्न एकच. किट घरून न्यायची की तिथं भाड्यानं घ्यायची? एअरलाइनच्या साइटवर स्पोर्ट्सचं सामान एवढंच लिहिलं आहे आणि कस्टमर केअरनं मला पाऊण तास होल्डवर ठेवलं. बाकी सगळं ठरलेलं आहे.

लक्ष्मीनगर_पश्चिम
कोणती तारीख? किती जण? कोणती एअरलाइन? दिल्लीत बदलून जाणार ना, मग दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर आहेत का? वेगवेगळी तिकिटं असतील तर दिल्लीत बॅग घेऊन परत चेक-इन करावी लागते. हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार भाऊ.

फेअरवे_कामठीरोड
भाड्यानं घे, विषय संपला. मी श्रीनगरच्या रॉयल स्प्रिंग्सवर खेळलो, किट तिथंच घेतली, शूज फक्त घरचे नेले. आणि खरं सांगू का, गुलमर्गपेक्षा रॉयल स्प्रिंग्स कर. रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनियर या नावाजलेल्या गोल्फ कोर्स डिझायनरचं डिझाइन आहे, खाली दल लेक दिसतो, मागं झबरवानचे डोंगर. पहलगामचा लिद्दर खोऱ्यातला कोर्सही त्याचाच आहे.

मानकापूरचा
गुलमर्गच. दुसरीकडे नाही. मे महिन्याचा शेवट, तिघं जण, दिल्लीत बदलून, एकच पीएनआर. आता सांगा.

अजनी_जंक्शन
भाऊ विमानाच्या मागं कायले लागता. अंदमान एक्सप्रेस आपल्या नागपूरवरून थेट कटऱ्याला जाते, तिथून २०२५ च्या जूनपासून श्रीनगरची वंदे भारत सुरू आहे, रस्त्यात चिनाबचा पूल लागतो, नदीपासून ३५९ मीटर उंच. किट बर्थखाली टाका, काट्यावर ठेवायची गरज नाही. मी स्वतः गेलो आहे, पूल आला तेव्हा सगळा डबा खिडकीपाशी उभा होता.

लक्ष्मीनगर_पश्चिम
त्याला तिकीट आज काढायचं आहे आणि मेच्या सुट्ट्यांत तुम्ही त्याला कन्फर्म बर्थ कुठून देणार आहात?

अजनी_जंक्शन
तत्काळ आहे ना.

नंदिनी_त्रिमूर्तीनगर
एक गोष्ट कोणीच सांगत नाही म्हणून लिहिते. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. आम्ही चौघं गेलो, तिघांचे फोन श्रीनगरला उतरल्या उतरल्या बंद, हॉटेलवाल्याला फोन करायला ड्रायव्हरचा मोबाइल मागावा लागला. आणि गंडोल्याचं, म्हणजे तिथल्या केबल कारचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढा, तिथं जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका.

मानकापूरचा
ताई धन्यवाद, पण गंडोल्यात बसायचं नाही. किट, फक्त किट.

गिट्टीखदान_९होल
मी किट नेणाऱ्यांतला आहे, पण मऊ कापडी बॅगेत चुकूनही नेऊ नको. दोन वर्षांपूर्वी माझा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब (काठी), बेल्टवर आला तेव्हा हातात घेतल्यावर डोकं आतल्या आत खडखड करत होतं, शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, मानेपाशी बारीक चिरून तुटला होता, ग्रॅफाइटचे केसासारखे धागे बाहेर आले होते. एअरलाइननं फॉर्म भरून घेतला, पुढं काही नाही. तेव्हापासून मी असं करतो. ड्रायव्हरचं डोकं पान्यानं खोलून मोज्यात घालतो आणि शूजच्या कप्प्यात ठेवतो. आयर्नच्या, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबच्या, डोक्यांमध्ये जुना टॉवेल नागमोडी फिरवतो. मधोमध फरशी पुसायच्या मॉपचा दांडा ठेवतो, सगळ्यात लांब क्लबपेक्षा चार बोटं उंच. बॅग डोक्यावर आपटली की मार दांड्यावर बसतो, क्लबवर नाही. त्यानंतर एकदाही काही तुटलं नाही.

फेअरवे_कामठीरोड
एवढा सगळा उपद्व्याप तीन दिवसांच्या खेळासाठी? सामान्य तिकिटात १५ किलो मिळतात, भरलेली किट तेवढीच होते, मग कपडे काय खांद्यावर नेणार? तिथं रेंटल आहे म्हटलं ना.

गिट्टीखदान_९होल
पण खेळणारा नवखा आहे की जुना, ते तर कळू द्या. हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, किती आहे? उंची किती?

मानकापूरचा
मी खेळत नाही. बाबा खेळतात. वय ७१.

लक्ष्मीनगर_पश्चिम
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना बाप्पा!

मेडिकल_चौक
७१ असतील तर किटच्या आधी उंचीचं बघा. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे, आपलं नागपूर ३१०. अडीच हजारांच्या वर काहींचं डोकं दुखतं, झोप येत नाही, थोडं चाललं तरी धाप लागते. पोचल्या दिवशी खेळू देऊ नका, नुसतं फिरवा, पाणी पाजा. बीपीची गोळी चालू आहे का? असेल तर उंचीसाठीची कुठलीही गोळी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नका. आणि कोर्सचे १८ होल (टप्पे) एका दिवसात कशाला, रोज नऊ करा. दुपारनंतर तिथं पाऊस फिरतो, सकाळची वेळ घ्या.

वऱ्हाडी_माणूस
मी तं म्हणतो एवढ्या लांब जायची पाळी विदर्भाच्या माणसावर यायलेच नाही पाहिजे. आपला चिखलदरा १११८ मीटर, कॉफी पिकते, तिथं सरकारनं गोल्फ कोर्स करावा, पोट्ट्यांले कामं भेटतील.

लक्ष्मीनगर_पश्चिम
ग्रीनला रोज पाणी लागतं दादा. मेळघाटात उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात, गवताला कोण देणार?

वऱ्हाडी_माणूस
तलाव बांधा ना मग. धारणीकडून येतानी पावसाळ्यात किती पाणी वाहून जाते ते पाहा एकदा.

गिट्टीखदान_९होल
विषयावर या. मानकापूर भाऊ, अजून एक. तिथल्या विरळ हवेत बॉल लांब जातो. दर हजार फुटांना अंदाजे दोन टक्के धरा. नागपूरपेक्षा गुलमर्ग साडेसात-पावणेआठ हजार फूट वर आहे, म्हणजे बाबांचा इथला दीडशे यार्डांचा शॉट तिथं एकशे सत्तरच्या आसपास पडेल.

फेअरवे_कामठीरोड
सकाळच्या थंडीत बॉल कडक होतो, कमी जातो. दोन्ही मिळून फार फरक राहात नाही.

गिट्टीखदान_९होल
थंडी थोडं खाते, सगळं नाही खात. बॉल खिशात गरम ठेवायचा आणि पहिल्या दोन होलवर कॅडीला, म्हणजे किट उचलणाऱ्या मदतनीसाला, विचारून क्लब उचलायचा. पण किटबद्दल अजून कळलं नाही. बाबा स्टील शाफ्ट वापरतात की ग्रॅफाइट?

मानकापूरचा
ते मला माहीत नाही, विचारून सांगतो. चिडू नका, मला यातलं कळत नाही. बाबा फौजेत होते. १९८६ च्या हिवाळ्यात बारामुल्ल्याला पोस्टिंग होतं, एकदा गुलमर्गला गेले तेव्हा सगळं बर्फाखाली होतं, कोणीतरी सांगितलं की खाली गोल्फ कोर्स आहे. तेव्हा गोल्फ काय ते त्यांना ठाऊकही नव्हतं. रिटायर झाल्यावर शिकले. मागच्या महिन्यात आई म्हणाली, जमतंय तोवर ने त्यांना. म्हणून घाई. विचारलं आत्ता, स्टील म्हणाले. आणि म्हणाले भाड्याचं लेफ्टी मिळत असेल तर काही हरकत नाही.

गिट्टीखदान_९होल
लेफ्टी??

मानकापूरचा
हो, बाबा डावखुरे आहेत. त्यानं फरक पडतो का?

फेअरवे_कामठीरोड
पूर्ण फरक पडतो. माझे सगळे शब्द मागे. डाव्या हाताचा पूर्ण सेट भाड्यानं मिळेल या भरवशावर ७१ वर्षांच्या माणसाला तिथवर नेऊ नका. उजव्या हाताचा क्लब उलटा धरून खेळता येत नाही. घरची किट न्या.

गिट्टीखदान_९होल
पण पूर्ण नेऊ नका. नियमात १४ ही जास्तीत जास्तची मर्यादा आहे, कमीची नाही. सहाव्या, आठव्या नंबरचं आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, एक हायब्रिड, पटर, एवढे सहा क्लब बस. ड्रायव्हर हवाच असेल तर डोकं खोलून. हलकी स्टँड बॅग घ्या. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) असेल तर लिथियम बॅटरीमुळे केबिन बॅगेत, क्लब मात्र चेक-इनमध्येच, केबिनमध्ये जाऊ देत नाहीत.

लक्ष्मीनगर_पश्चिम
आणि तिघं एकाच पीएनआरवर आहात, तिकीट काढतानाच जास्तीचं वजन ऑनलाइन घेऊन टाका, काउंटरवर महाग पडतं. येताना श्रीनगरला विमानतळाच्या बाहेरच्या गेटवर एकदा सगळं सामान उतरवून तपासतात, दोन तास हातात ठेवा.

मानकापूरचा
तिकीट काढलं. वाण्याच्या काट्यावर बॅग ठेवली, सात क्लब, शूज आणि मॉपचा दांडा धरून नऊ किलो चारशे. बाबांनी ड्रायव्हर घेतलाच. तो पाना कोणता लागतो? घरात स्क्रू ड्रायव्हरच आहेत.

गिट्टीखदान_९होल
साध्या स्क्रू ड्रायव्हरनं करू नका, स्क्रू खराब होतो. ज्या कंपनीचा ड्रायव्हर त्याच्याबरोबर आलेला टॉर्क पाना असतो, बाबांना विचारा, बॅगेच्या लहान कप्प्यात असेल. कट्ट आवाज आला की थांबायचं. नसेल सापडत तर गिट्टीखदानला या, माझा देतो.

अजनी_जंक्शन
येताना तरी ट्रेननं या, पूल दिवसा दिसतो.