खिळ्यांपेक्षा फलकाची उंची महत्त्वाची

द्रुतगती मार्गावर उलट्या दिशेने शिरणाऱ्या गाड्या अडवायला बाहेर पडण्याच्या रॅम्पवर टायर फोडणारे खिळे बसवा, अशी सूचना इथल्या चर्चेत आली; ती पटत नाही. कॅलिफोर्नियात त्यांच्या चाचण्या झाल्या होत्या. टायरमधली हवा गाडी थांबण्याइतक्या वेगाने जात नव्हती, खिळे मोडून उरलेले खुंट योग्य दिशेच्या गाड्यांचे टायर फाडत होते, आणि खिळे दिसताच योग्य दिशेचे चालकही ब्रेक दाबत होते. म्हणजे मागून धडक बसण्याचा नवाच धोका! शिवाय रुग्णवाहिकेला गरज पडल्यास उलट्या दिशेने रॅम्पवर जाता येत नाही ते वेगळंच.

इथे कोणी मांडलं नाही ते फलकाच्या उंचीबद्दल. रात्री उलटे शिरणाऱ्यांत दारू प्यालेले बरेच असतात आणि त्यांची नजर समोरच्या रस्त्यावर, खाली खिळलेली असते. ७ फुटांवरचा 'प्रवेश बंद' फलक त्यांच्या हेडलाइटच्या झोतातही नीट येत नाही. फलकाची खालची कड ३ फुटांवर आणली तर येतो. फक्त गवत आणि कठडा आड येत नाहीत ना, हे रात्री गाडीतून जाऊन बघावं लागतं. सोबत उलट बाजूने लाल दिसणारे रोड स्टड (रस्त्यात बसवलेले चमकणारे परावर्तक) आणि रॅम्पच्या तोंडाशी ठळक बाण हवेत. प्रवेश आणि निकासाचे रॅम्प शेजारी-शेजारी असतील तिथे हे सर्वांत आधी करावं, कारण गफलत तिथेच जास्त होते.

चालकांसाठी: उलटा आलेला माणूस आपली नेहमीची बाजू धरतो, म्हणजे तुमच्या दुभाजकालगतच्या लेनमध्ये येतो. रात्री ओव्हरटेक झाला की ती लेन सोडा. दोन्ही गाड्या १००च्या वेगाने असतील तर ३०० मीटर अंतर साडेपाच सेकंदांत संपतं.