शब्द हवा आहे: सिनिअर सिस्टरकडून होणारा जाच

लेखणी_दादर: नर्सिंगच्या मुलींसाठी पुस्तिका मराठीत करतेय. नर्सिंग शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या ज्युडिथ माइस्नर यांनी १९८६ मध्ये विचारलं होतं, आपण नर्सेस आपलीच पिल्लं खातोय का? ते शब्दशः लिहिलं की डोळ्यांपुढे मांजर येते. मी ‘सासुरवास’ लिहिलं, मैत्रिणीने खोडलं.

परळकर: सासुरवासच. माझी आई वॉर्डात सिस्टर होती, घरी हाच शब्द असायचा.

नाइट_ड्यूटी: नको, प्लीज. सासुरवास सोसायचा असतो, असंच आपल्याला शिकवलंय. माझा पहिलाच महिना होता. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना इनचार्ज सिस्टरनी चार्ट हातातून ओढला. १८ नंबरचं युरिन आउटपुट लिहायचं राहिलं होतं. सगळ्यांदेखत एवढंच म्हणाल्या, ‘कुठल्या कॉलेजातून आलीस गं?’ मग लागोपाठ नाइट लावल्या. त्यानंतर डोस अडला तरी कुणाला विचारायची छाती होईना. यात पेशंटच्या जिवाशी खेळ होतो हो! शिवाय आमच्यात ब्रदरही आहेत, त्यांचा कसला सासुरवास?

शब्दनिष्ठ: ‘छळ’ हा सरळ शब्द आहे की. आणि नर्सेस कशाला? परिचारिका म्हणा.

लेखणी_दादर: ‘छळ’ म्हटलं की २०१३च्या कायद्यामुळे लैंगिक छळाची समिती आठवते. मुलगी चुकीच्या दारात जाईल.

परळकर: मग रॅगिंग?

नाइट_ड्यूटी: १९९९चा आपल्या राज्याचा कायदा शिक्षणसंस्थांपुरता. नोकरीला लागलं की तो आधारही सुटतो.

रत्नागिरीची_माई: आमच्याकडे ‘काच’ म्हणतात. परकराची नाडी काचते ना, तसा. वरून काही दिसत नाही, सोडली की कमरेवर वळ. जाच त्यातूनच आला असणार.

शब्दनिष्ठ: माई, यमक जुळलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. आणि परिचारिकेचं काय ठरलं? शब्द वापरलाच नाही तर तो रुळणार कसा?

नाइट_ड्यूटी: तो कागदावर रुळलाय. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका, सगळ्या पाट्या आहेत. रात्री तीनला पेशंट हाक मारतो ती ‘सिस्टर’.

शब्दनिष्ठ: पेशंटची हाक वेगळी, पुस्तिकेची भाषा वेगळी. ती नेटकीच हवी.

माई: अगो, पण ती वाचणार कोण? त्या मुलीच ना?

परळकर: आत्ता आईला फोन केला. ती म्हणते, सासुरवास घरी म्हणायचो. ड्युटीवर आपसात म्हणायचो, ‘तिने डूख धरलाय.’

नाइट_ड्यूटी: डूख एकीचा असतो. आमच्याकडे तीन इनचार्ज बदलल्या, नव्या मुलीच्या वाट्याला तेच येतंय.