आयर्लंडमधल्या लहान गावांतले अनुभव

डब्लिनबद्दल सगळेच लिहितात. आयर्लंडच्या एखाद्या छोट्या गावात राहिला असाल तर इथे लिहा. सुरुवात मी करते.

आमचं स्किबरीन, वेस्ट कॉर्कमधलं. गावकऱ्यांच्या तोंडी नुसतं 'स्किब'. वस्ती तीन हजारांच्या आत. पहिल्याच आठवड्यात पोस्टात गेले, तर काउंटरवरची बाई म्हणाली, "त्या कोपऱ्यावरच्या घरात आलात ना? मागच्या भिंतीला ओल येते हं." घरमालक काही बोलला नव्हता. नोव्हेंबरात ओल आलीच.

---

ताई, ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत गेलात का? मी जुनी थडगी बघत हिंडत होतो. मध्येच एक हिरवा तुकडा, त्यावर एकही थडगं नाही. मग फलक वाचला. 1845 पासून बटाटा करपला, त्या दुष्काळातली आठ ते दहा हजार माणसं या गवताखाली आहेत. नावं नाहीत.

सरकारने तेव्हा उपाशी लोकांना रस्त्यांच्या कामावर लावलं होतं. माझ्या आजीने 72 च्या दुष्काळात खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. तिला फोनवर हे सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न: "मजुरी वेळेवर मिळायची का?" नव्हती मिळत. 1846 च्या ऑक्टोबरात तिथून जवळच एक मजूर कामावरच कोसळून मेला, तेव्हा त्याची मजुरी थकलेली होती. पंचांनी भूकबळी म्हणून नोंदवलं आणि ठपका बांधकाम खात्यावर ठेवला. आजी एवढंच म्हणाली, "बरं केलं."

---

कॉर्कमधल्याच मिडल्टनलाही जा. बागेत स्टीलची नऊ उंच पिसं गोलात उभी आहेत. अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळनिवासी लोकांनी 1847 मध्ये आयरिश दुष्काळासाठी 170 डॉलर पाठवले, त्याची आठवण. ते स्वतः जमिनीवरून हुसकले गेले, त्याला तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती.

---

अहो, थोडं हसा पण! 2016 ला मी स्किबमध्येच होते. ओडोनोव्हन बंधूंनी रिओत रौप्य मिळवलं, रोइंगमधलं आयर्लंडचं पहिलं ऑलिंपिक पदक. दोघं इथल्याच आयलन नदीवर वल्ही मारायला शिकलेले. पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डावपेच काय, तर डोळे मिटून कुत्र्यासारखं ओढायचं, असं त्यांनीच टीव्हीवर सांगितलं. पुढे टोकियोत आणि पॅरिसमध्ये त्या दोघांतल्या पॉलने सुवर्ण आणलं. गावात तो नुसता 'पॉल', आडनाव कोणी लावत नाही.

ताई, ओलीचं काय केलंत?

---

डिह्युमिडिफायर. रात्रीत दीड लिटर पाणी निघतं. पोस्टातल्या बाईनेच तिचा जुना आणून दिला.