आपल्या आमदारानं मत कुणीकडे दिलं, हे कुठं पाहायला मिळते?

रजिस्टरवाला (यवतमाळ जिल्हा)

राम राम मंडळी. आमच्या गावात ग्रामपंचायतीचं वाचनालय आहे. म्हणजे एक खोली, दोन कपाटं, तीन पेपर आणि मी. संध्याकाळी सहा ते आठ उघडतो, बाकी वेळ सहा एकरात पराटी (म्हणजे कापूस) आणि तूर.

मागच्या महिन्यात पानठेल्यावर वाद झाला. एक काका म्हणे, "आपला आमदार कास्तकाराच्याच बाजूनं हात वर करते, म्या पेपरात वाचलं." दुसरे म्हणे, "कायचा वर करते? मत द्यायच्या टायमाले तो क्यांटिनमंधी असते." मग दोघंही माझ्याकडे वळले, "तू वाचनालयवाला न बे? काढ बरं हिशोब."

काढायला बसलो. दोनशे पानी रजिस्टर घेतलं, पट्टीनं चार रकाने आखले: तारीख, विधेयक, आमदार काय बोलले, मत कुणीकडे. पाच वर्षांची कात्रणं जपून ठेवली आहेत, त्यामुळे तिसरा रकाना भराभर भरला. "कास्तकाराच्या घामाला दाम मिळालाच पाहिजे" हे वाक्य सात कात्रणांत सापडलं, त्यातल्या दोनांत हार घातलेल्या फोटोसकट. वेगळ्या विदर्भाचं म्हणाल तर गावच्या सभेत एक आणि मुंबईच्या बातमीत भलतंच.

चौथा रकाना मात्र कोरा. दहा विधेयकं लिहिली, दहाही कोरी. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर दोन रात्री घातल्या, तिसऱ्या रात्री लाइन गेली तर मोबाईलवर पाहत बसलो. कामकाज सापडते, भाषणं सापडतात, पण "अमुक आमदार, बाजूनं" असं कुठंच नाही. मी चुकीच्या जागी शोधून राहिलो का? आमदाराचं नाव आणि पक्ष मुद्दामच सांगत नाही, इथं लगेच कुस्त्या लागतात.

तर्रीबाज (नागपूर)

भाऊ, उरलेली पानं उधारीले वापर. तो रकाना नक्की भरते.

जुना कारकून

रजिस्टरवाले, शोधलं बरोबर जागी, पण तिथं ते नसतेच. मी नोकरीत असताना हिवाळी अधिवेशनाच्या कामाला नागपुरात ड्युटी लागायची, तेव्हाचं डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

विधेयकावर बोलणं संपलं की अध्यक्ष ते मताला टाकतात. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणायचं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. कधी सभागृह दणाणते, कधी पाच-सात गळे. अध्यक्ष सांगतात, 'होय'चं बहुमत आहे, विधेयक संमत. संपलं. याला आवाजी मतदान म्हणतात. सभागृह २८८ जणांचं, पण कोण ओरडलं, कोण गप्प बसलं आणि कोण चहाला गेलं, याची नोंद होत नाही. जनसुरक्षा विधेयक एवढं गाजलं, मोर्चे निघाले. १० जुलै २०२५ ला विधानसभेत ते असंच आवाजानं गेलं. तुमच्या दुसऱ्या काकांचं क्यांटिनचं म्हणणं खरं की खोटं, हे म्हणून कुणालाच सिद्ध करता येत नाही!

नोंद होते ती मतविभाजन झालं तर, म्हणजे बाजूनं कोण आणि विरोधात कोण याची मोजणी झाली तर. कुणीतरी ते मागावं लागते, आणि मागूनही मिळतेच असं नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं संमत झाला आणि विरोधक मतविभाजनासाठी ओरडत राहिले. सरकार राहणार की जाणार हे आवाजावर! उलट ३० नोव्हेंबर २०१९ ला शिरगणती झाली, ठरावाच्या बाजूनं १६९. ४ जुलै २०२२ ला पुन्हा शिरगणती, १६४ विरुद्ध ९९. तुमचे आमदार तेव्हा सभागृहात असतील तर या दोन ओळी आज भरून टाका.

कोर्टाची पायरी (तालुक्यातली वकील)

दादा, त्या दोन ओळी भरल्या तरी त्या आमदाराच्या धरू नका, पक्षाच्या धरा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. पक्षानं व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, काढला आणि आमदारानं उलटं मत दिलं, किंवा मताला उभाच राहिला नाही, तर त्याची आमदारकी जाऊ शकते. पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं तर वाचतो. पात्र-अपात्र ठरवणार अध्यक्ष, आणि ते किती दिवस लावतात हे आपण २०२२ नंतर पाहिलंच.

पण व्हिप मतावर असतो, तोंडावर नाही. प्रश्न विचारायला, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) मांडायला सहसा कुणी आडवं येत नाही. तुमच्या जागी मी असते तर चौथा रकाना खोडून तिथं 'सभागृहात काय विचारलं' असं लिहिलं असतं.

खासदाराचं थोडं सोपं आहे. घटनादुरुस्तीला हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे मोजणी टळत नाही. महिला आरक्षणाचं विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं गेलं, २० सप्टेंबर २०२३. 'एक देश एक निवडणूक' तर मांडू द्यायचं की नाही यावरच मत झालं, १७ डिसेंबर २०२४, २६९ विरुद्ध १९८. तिथली नावं लोकसभेच्या कामकाजात मिळतात. पण तीन शेती कायदे आठवा: २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत त्यांतले दोन गोंधळात, आवाजी मतदानानं. पुढल्या वर्षी मागे घेतले तेही आवाजानंच, चर्चेशिवाय.

पराटी (वर्धा)

ताई, तुमचं सगळं बरोबर. पण माझ्या घरावर ज्यानं परिणाम झाला त्याच्यावर कुणी मतच दिलं नाही, त्याचं काय लिहायचं?

बाहेरच्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आमच्या वेचणीचे नेमके दिवस. ना विधेयक, ना 'होय', ना 'नाही', एक अधिसूचना निघाली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि माझा पहिला वेचा ओला म्हणून खेडा खरेदीवाल्यानं, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्यानं, ६,४०० नं नेला. मजुरीचे चुकारे करायचे होते, थांबता येत नव्हतं.

आता हे खातं दिल्लीचं, आमदाराचा त्यात हात नाही हे मलेही कळते. पण रजिस्टर घेऊन बसलाच आहात तर एक पान खासदारासाठी ठेवा. वर तारीख घाला १९ ऑगस्ट आणि त्या आठवड्यात आपल्या जिल्ह्यातले कोण काय बोलले ते खाली लिहा. माझ्या पेपरात त्या आठवड्यात पोळ्याच्या शुभेच्छा होत्या.

रजिस्टरवाला

पराटीताई, ते पान आखलं. माझ्या कात्रणांतही पोळाच निघाला.

वकीलताईंचं ऐकून तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्या प्रश्नांच्या, याद्या काढल्या. वाचायला मजा येते. सगळे प्रश्न एकाच चालीत: "अमुक झाले, हे खरे आहे काय?" आणि उत्तर, "हे खरे नाही." पुढल्या पोटप्रश्नाला, "प्रश्न उद्भवत नाही."

आमच्या आमदाराचं नाव पुष्कळ ठिकाणी दिसलं, मी खूश झालो. मग ध्यानात आलं की एकेका प्रश्नाखाली वीस-वीस नावं असतात. आमचा त्यात सतरावा. हा प्रश्न त्याचा धरायचा का?

पांदण रस्त्यावरचा एक मात्र सापडला, त्यात तो पहिला. पांदणीअभावी शेतातला माल घरी आणता येत नाही, हे खरे आहे काय? उत्तर, हे खरे नाही. ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा क्यांटिनवाले काका पायाचा चिखल पायरीवर खरडत होते. म्हणाले, "मंग हे काय हाय?" पण आमदारानं विचारलं होतं, हे त्यांनी कबूल केलं. कधी नव्हे ते.

जुना कारकून

सतरावं नाव धरू नका. सह्या एकमेकांच्या कागदावर होतात. पहिलं नाव धरा, आणि प्रश्न पटलावर आला तेव्हा त्यानं उभं राहून उपप्रश्न विचारला का, ते कामकाजात पाहा. उत्तर 'खरे नाही' आलं आणि माणूस खाली बसला, तर तेही लिहा. आणखी एक, आमदार मंत्री झाला की तो प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. त्या काळातली कोरी पानं त्याच्या नावावर मांडू नका, तो अन्याय होईल.

रजिस्टरवाला

हे मला सुचलं नसतं. म्हणजे अर्धं रजिस्टर पुन्हा लिहावं लागते. एक शेवटचं विचारतो. हिवाळी अधिवेशन नागपूरलाच असते, इथून एसटीनं चार तास. वर गॅलरीत बसून एक दिवस डोळ्यांनी पाहायचं म्हटलं तर पास कुठं मिळते?

जुना कारकून

आमदाराच्या चिठ्ठीवर. आधारकार्ड सोबत न्या. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, आणि रजिस्टरचं गेटवर आधी विचारून घ्या.