मदत हवी आहे: लॅक्रॉसच्या गोलींची (गोलरक्षकांची) क्रमवारी कशी लावू? रविवारी ड्राफ्ट आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मेरिलँडमध्ये राहतो. इथे थंडी ओसरली की शाळेच्या प्रत्येक मैदानावर जाळीच्या काठ्या घेतलेली मुलं दिसायला लागतात. माझा मुलगा नववीत आहे. पाचवीपासून लॅक्रॉस (काठीच्या जाळीतून चेंडू नेऊन गोल करायचा खेळ) खेळतो आणि गोली म्हणून उभा राहतो. गेल्या महिन्यात सरावात एक शॉट थेट अंगठ्यावर बसला, हाड मोडलं, प्लास्टर घातलंय. शाळेचा मोसम संपल्यात जमा आहे. दोन आठवडे तो कोणाशी धड बोलत नव्हता.

त्याच्या संघातली आम्ही आठ कुटुंबं दर वर्षी प्रीमियर लॅक्रॉस लीगवर आपापसात फॅन्टसी लीग खेळतो, म्हणजे खरे खेळाडू पाळीपाळीने आपापल्या काल्पनिक संघात घ्यायचे (हाच ड्राफ्ट) आणि त्यांच्या खऱ्या खेळावरून गुण मोजायचे. आतापर्यंत मी त्यात नुसती नावाला असायचे. यंदा लेकाला म्हटलं, ड्राफ्टची तयारी आपण दोघं मिळून करू. तेव्हापासून रोज जेवण झालं की आम्ही जुने सामने लावून बसतो. घरात पुन्हा आवाज आहे, म्हणून मला हे नीट करायचं आहे.

बाकी जागांचं आमचं ठरलंय. अडलंय ते गोलींपाशी.

मी नोकरीत दिवसभर आकडेच बघते, त्यामुळे आधी सेव्हची टक्केवारी (गोलवर आलेल्या शॉटपैकी किती अडवले) लावून यादी केली. पण बहुतेक गोली पन्नास ते पंचावन्नच्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेत. दोन टक्क्यांच्या फरकावर कोणाला वर घ्यायचं? मुलाचं म्हणणं असं की टक्केवारी गोलीची नसतेच, ती त्याच्या समोरच्या बचावफळीची असते. बचाव चांगला असेल तर विरोधकांना लांबून, वाकड्या कोनातून मारावं लागतं. बचाव फुटला की तोच गोली दोन हातांवरून येणारा शॉट बघत उभा राहतो. आता त्याच्याबरोबर इतके सामने बघितल्यावर मलाही हे पटतं, पण मग मोजायचं कशाने?

सध्या आमच्या यादीत पाच नावं आहेत:

ब्लेझ रिऑर्डन (कॅरोलायना केऑस). 2021 मध्ये तो अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, गोली असून. त्याच वर्षी केऑसने अंतिम सामन्यात व्हिपस्नेक्सना 14-9 असं हरवलं. वय वाढतंय ही एकच शंका.

लियम एन्टेनमन (न्यूयॉर्क ॲटलस). नोत्र दाम विद्यापीठाकडून 2023 च्या कॉलेज अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध 18 शॉट अडवले, पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद. 2025 मध्ये ॲटलसनेही लीग जिंकली, आउटलॉजविरुद्ध 14-13.

ब्रेट डॉब्सन (यूटा आर्चर्स). 2023 आणि 2024, लागोपाठ दोन वर्षं विजेत्या संघाचा गोली.

कॉलिन कर्स्ट (बॉस्टन कॅनन्स). याच्याबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही.

आणि लोगन मॅकनेनी. हा आमच्या मेरिलँड विद्यापीठाचा. 2022 मध्ये संघ एकही सामना न हरता विजेता झाला, अंतिम सामन्यात कॉर्नेलला 9-7 हरवलं आणि सर्वोत्तम खेळाडू हाच. पुढच्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, जवळजवळ पूर्ण मोसम बाहेर बसला, आणि परत येऊन 2024 आणि 2025 मध्ये संघाला पुन्हा अंतिम सामन्यात घेऊन गेला. 2025 मध्ये डेन्व्हर आउटलॉजकडे आला. मुलाच्या यादीत हा पहिला आहे. का, ते सांगायला नको.

तर प्रश्न दोन. या पाचांचा क्रम तुम्ही कसा लावाल? आणि गोली कितव्या फेरीत घ्यावा? आमचा नंबर आठांत सातवा आहे.

चेसापीक:
ताई, आधी लेकाच्या अंगठ्याला लवकर आराम पडो. माझी दोन्ही मुलं गोली म्हणून खेळली आहेत, दोघांचेही अंगठे एकदा तरी मोडलेत. प्लास्टर निघाल्यावर हातमोज्यातलं अंगठ्याचं कडक कवच बदलून घ्या, जुनं परत वापरू नका.

तुमचा मुलगा बरोबर बोलतोय. गोल सहा फूट बाय सहा फूट, शॉट ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. सिली पॉइंटला उभं राहून कॅच घ्यायचा, तोही काठीच्या जाळीत, तशातला प्रकार. जवळून आलेला शॉट बघून अडवणं जवळपास अशक्यच. मारणाऱ्याचे खांदे आणि काठीचा कोन वाचून गोली आधीच पाऊल टाकतो. म्हणून टक्केवारीपेक्षा मी दोन गोष्टी बघतो. पहिली, लांबून येणारे सरळ शॉट तो सोडतो का? चांगल्या गोलीच्या हातून ते जात नाहीत. दुसरी, अडवल्यावर चेंडूचं काय करतो? क्रीझमध्ये (गोलभोवतीच्या वर्तुळात) चेंडू घेऊन त्याला चारच सेकंद मिळतात. तेवढ्यात पास अचूक गेला तर संघ धावत सुटतो, नाही तर तोच चेंडू पुन्हा अंगावर येतो. रिऑर्डन यात सगळ्यांच्या पुढे. तो इनडोअर लीगमध्ये फिलाडेल्फिया विंग्जकडून चक्क फॉरवर्ड खेळलाय, त्याचे हात गोलीचे नाहीतच.

पण तुमच्या लीगमध्ये गुण कसे देतात, ते लिहिलं नाहीत. त्याशिवाय क्रम लावता येणार नाही.

धागाकर्ती:
हो, राहिलंच. सेव्हला 4 गुण, खाल्लेल्या गोलला उणे 2, दोन गुणांच्या रेषेबाहेरून (तिथून लांबून मारलेल्या गोलला संघाला दोन गुण मिळतात) बसलेल्या गोलला उणे 4. प्रत्येकाने एक गोली उतरवायचाच, पण संघात दोन ठेवता येतात. गुण आठवड्याच्या हिशोबाने.

पुणे ३०:
धागा वाचतोय, पण खेळ कधी पाहिलेला नाही. हॉकीसारखा आहे का? ऑलिंपिकमध्ये येणार म्हणतात तो हाच ना?

चेसापीक:
@पुणे ३०, हाच. आणि तो निर्णय झाला आपल्या मुंबईत. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन बीकेसीत भरलं होतं, क्रिकेटबरोबर लॅक्रॉसलाही 2028 च्या लॉस एंजेलिससाठी तिथेच मंजुरी मिळाली. ऑलिंपिकला सहा-सहा जणांचा छोटा प्रकार असेल. इथे चर्चा चालू आहे ती दहा-दहा जणांच्या मैदानी खेळाची. हॉकीत चेंडू जमिनीवर असतो, इथे तो काठीच्या टोकाच्या जाळीत घेऊन पळतात आणि हवेतून फेकतात.

आकडेमोड:
ताई, गुणांची पद्धत वाचली आणि वाटलं, तुमची यादी उलटीपालटी होऊ शकते. काल्पनिक आकडे घेऊन बघा.

पहिला गोली भक्कम बचावाच्या मागे. गोलवर 22 शॉट, 12 अडवले, 10 खाल्ले. साडेचोपन्न टक्के. गुण 48 वजा 20, म्हणजे 28.

दुसरा फुटक्या बचावाच्या मागे. 30 शॉट, 15 अडवले, 15 खाल्ले. पन्नास टक्के. गुण 60 वजा 30, म्हणजे 30.

सामना पहिल्याने जिंकला असेल, पण तुमच्या लीगमध्ये दुसरा पुढे. तुमच्या पद्धतीत तेहतीस टक्क्यांच्या वर अडवणाऱ्या कोणालाही अंगावर आलेला प्रत्येक शॉट फायद्याचाच. गोलला उणे 4 असते तर हिशोब 8 विरुद्ध 0 झाला असता आणि टक्केवारीला किंमत आली असती. म्हणून टक्केवारीच्या शेजारी एक रकाना वाढवा: दर सामन्याला गोलवर किती शॉट आले. क्रम त्या दोन्हींच्या गुणाकारावर लावा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लीगमध्ये संघ आठ, म्हणजे नेहमी खेळणारे गोलीही साधारण आठच. तुम्ही कुटुंबंही आठ. आणि दोन गोली ठेवायची मुभा! दोघांनी जरी दोन-दोन पहिल्या पसंतीचे गोली उचलले, तर कोणाच्या तरी वाट्याला बाकावर बसणारा येणार. फॅन्टसीत 'गोली शेवटी घ्या' असं सगळे सांगतात, तुमच्या लीगमध्ये ते ऐकू नका.

तुमचा नंबर सातवा आणि ड्राफ्ट सापासारखा उलटसुलट फिरत असेल (एका फेरीत 1 ते 8, पुढच्या फेरीत 8 ते 1), तर तुमच्या पाळ्या 7, 10, 23, 26 अशा येतील. 10 आणि 23 यांच्यामध्ये दुसरे लोक बारा खेळाडू उचलणार. पहिला गोली 10 ला घ्या. 7 आणि 10 च्या मध्ये फक्त आठव्या कुटुंबाच्या दोन पाळ्या आहेत, त्यामुळे 7 ला निर्धास्तपणे आक्रमक घ्या.

टोरांटोकर:
डॉब्सनबद्दल थोडं. तो इकडचा, कॅनडाचा. हिवाळ्यात इनडोअर लीगमध्ये जॉर्जिया स्वॉर्मचा गोली असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं दोन्हीकडे गोलीच की. पण दोन्ही कामं अगदी वेगळी आहेत. इनडोअरला गोल लहान, गोलीच्या अंगावर गादीएवढे पॅड, तो अंगाने गोल झाकतो. मैदानावर गोल मोठा, अंगावर छातीचं कवच, हेल्मेट, हातमोजे एवढंच, तिथे हातांनी आणि पावलांनी अडवायचं. दोन्ही वरच्या पातळीवर जमणारे फार थोडे. डिलन वॉर्डने 2022 मध्ये कोलोरॅडो मॅमथकडून इनडोअरचं आणि वॉटरडॉग्जकडून मैदानावरचं, अशी दोन्ही विजेतेपदं एकाच वर्षात घेतली. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं, आणि त्यावर फारसं कोणी बोललं नाही याची मला अजून रुखरुख आहे.

तर डॉब्सन जवळच्या शॉटला घाबरत नाही, अंग पुढे घालतो. माझ्या यादीत तो एन्टेनमनच्या लगेच खाली. मात्र आकडेमोड यांचा रकाना भरून बघा, आर्चर्सचा बचाव चांगला असेल तर तुमच्या पद्धतीत त्याचं नुकसानच आहे.

मुलाला आणखी एक सांगा. या लीगमध्ये वर्षाच्या सर्वोत्तम गोलीला मिळणारा पुरस्कार ओरेन लायन्स यांच्या नावाचा आहे. ते ओनोंडागा या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचे वडीलधारे, 1957 च्या सिरॅक्यूजच्या अपराजित संघाचे गोली. त्याच संघात जिम ब्राउन होते, ज्यांच्या नावाने सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार देतात. हा खेळ हौडेनोसॉनी लोकांचा (ओनोंडागा त्यांच्यातलेच), त्यांच्यासाठी तो उपचार आहे, प्रार्थना आहे. घरी बसलेल्या मुलाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

चेसापीक:
एक व्यवहाराची गोष्ट. 2024 पासून संघांना गावं मिळाली आहेत आणि ज्याच्या गावी वीकएंड असतो तो संघ त्या वीकएंडला दोन सामने खेळतो. तुमचे गुण आठवड्याचे आहेत, म्हणजे त्या आठवड्यात तुमच्या गोलीचे दुप्पट शॉट. दोन गोली घेणार असाल तर दोघांचे घरचे वीकएंड वेगळे आहेत ना, एवढं बघा. आणि लागोपाठ दुसऱ्या दिवशी राखीव गोली उतरवतात का, त्यावरही लक्ष ठेवा.

कर्स्टबद्दल: पाच भावांतला एक, सगळे लॅक्रॉसवाले. धाकटा सीजे 2025 मध्ये कॉर्नेलकडून विजेता आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. कॉलिनवर शॉट भरपूर येतात आणि तो डगमगत नाही. तुमच्या पद्धतीत मी त्याला तिसरा ठेवेन.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री साडेअकरापर्यंत आम्ही तो रकाना भरत होतो. मुलगा डाव्या हाताने लिहितो सध्या, आकडे मीच टंकले. क्रम बराच बदलला. एन्टेनमन, रिऑर्डन, कर्स्ट, डॉब्सन, मॅकनेनी. रिऑर्डन आणि कर्स्टमध्ये फारच थोडा फरक निघाला. ओरेन लायन्स यांच्याबद्दल त्याने स्वतःहून शोधून वाचलं आणि आज नाश्त्याला मलाच सांगत बसला.

मॅकनेनीला पाचवा ठेवताना तो गप्प झाला होता. पण मग म्हणाला, "एकाच मोसमाचे आकडे आहेत आई, त्याच्याबद्दल इतक्यात काही ठरवता येत नाही." हे मला सुचायला हवं होतं. चार-पाच वर्षांच्या गोलीशेजारी एका वर्षाचा गोली मी एकाच तराजूत टाकला होता.

धागाकर्ती (सोमवार):
ड्राफ्ट झाला. 7 ला आक्रमक घेतला. रिऑर्डन चौथ्याच पाळीला गेला, बरीच मंडळी चकित झाली. 10 ला एन्टेनमन आमचा. नंतर आकडेमोड यांनी सांगितलं होतं तसंच झालं, 11 ते 22 मध्ये चार गोली संपले, कर्स्ट आणि डॉब्सन दोघेही त्यातच. 23 ला मिडफिल्डर घ्यावा लागला. 26 ला मॅकनेनी शिल्लक होता. मी मुलाकडे बघितलं, त्याने आधीच प्लास्टरचा हात वर केला होता.

एका कुटुंबाच्या वाट्याला खरोखरच राखीव गोली आला. पुढच्या वर्षी दोन गोलींचा नियम बदलायचा असं ठरलंय.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. अंगठ्याच्या कवचाबद्दल चेसापीक यांना वेगळा निरोप पाठवते आहे, कुठल्या मापाचं घ्यावं ते सांगा. ॲटलस आणि आउटलॉजचे घरचे वीकएंड एकावर एक येत नाहीत ना, ते मुलगा तपासतोय.